बाबांच्या नावाची तोरा

"ताई, आपल्या घराचं दार एका परक्या बाईने उघडलं! 'कोण हवंय?' म्हणून मलाच विचारलं तिने... माझ्याच घरात!"

शिलाई मशीनवरचा तिचा पाय थबकला. दुकानाच्या दारात धाकटा भाऊ उभा होता. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, पण रागात नाकपुड्या फुलवायची खोड अजून तीच!

"घर विकलं," दाताने दोरा तोडत ती म्हणाली. "दुकानामागच्या खोलीत राहते मी."

"विकलं? आणि इकडे सिनेगॉगचे अध्यक्ष मला फोन करून म्हणतात, वडिलांच्या स्मरणार्थ नवी तोरा लिहवून घेतलीत, धन्य आहात! मी एक पैसा दिलेला नाही, ताई!"

"ठाऊक आहे. घर त्यातच गेलं."

तो मटकन बाकावर बसला.

बाबा त्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, धर्मग्रंथाचे वाचक होते. तिथली जुनी तोरा, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची ती पवित्र गुंडाळी, जीर्ण झाली. एक अक्षर जरी भंगलं तरी ती वाचायला चालत नाही, म्हणून ती कायमची मिटून ठेवावी लागली, त्या दिवशी बाबा लहान मुलासारखे रडले होते. नवी लिहवून घ्यावी, एवढी एकच इच्छा मागे ठेवून ते गेले. मुलगा मात्र बाबांनी ठरवलेलं लग्न मोडून, तावातावाने घराबाहेर पडला तो पडलाच. अंत्यविधीलाही फिरकला नाही. आणि ती? आईविना पोरक्या झालेल्या या भावाला वाढवता वाढवता तिचं स्वतःचं लग्नाचं वय कधी सरलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही... आणि पुढे बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा सारं दुखणं तिनेच काढलं!

"मग माझं नाव का दिलंस?" त्याचा आवाज चढला. "उपकार करायला? की चारचौघांत माझी लाज काढायला?"

"तुझ्यासाठी?" ती हसली. ते हसू पाहून त्याच्या अंगावर काटा आला. "अरे, शेवटी शेवटी बाबा मला तुझ्या नावाने हाक मारायचे! पाणी माझ्या हातचं, आणि नाव तुझं! कधीतरी, चुकून तरी माझं नाव ओठांवर येईल म्हणून उशाशी बसून राहायचे मी... नाही आलं. मी तोरा दिली असती, तर म्हणाले असते, 'ही काय, करतेच!' लेकाने दिली, यातच त्यांचं सुख होतं. मग घ्या म्हटलं ते सुख, घरासकट घ्या!"

त्याची मान खाली गेली. "मी सगळ्यांना खरं सांगतो, ताई."

"खबरदार! त्यांचा आनंद विकत घेतलाय मी. तो नासवू नकोस."

संध्याकाळी सिनेगॉग गच्च भरलं होतं. ती वरच्या सज्जात, बायकांच्या गर्दीत मागे उभी राहिली. खाली मेजावर शुभ्र चर्मपत्र उलगडलेलं होतं. वर्षभर खपून ते लिहिणाऱ्या वृद्ध लेखनिकांनी शेवटच्या अक्षराची नुसती बाह्यरेषा आखून ठेवली होती, आणि ते भरण्याचा मान दात्याचा! लोक भावाची पाठ थोपटत होते. "असा मुलगा असावा!" कुणीतरी म्हणालं. तिने ओठ घट्ट आवळले.

भावाने पिसाची लेखणी घेतली. पण त्याने ती लेखनिकांच्या हातात परत दिली.

"हे अक्षर माझं नाही. ही तोरा माझ्या बहिणीची आहे. तिच्या वतीने तुम्ही लिहा."

आणि त्याने तिचं नाव घेतलं... पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, खणखणीत. अगदी बाबांचाच आवाज! तिने सज्जाचा कठडा घट्ट धरला. सगळ्या माना वर वळल्या होत्या. पण तिला दिसत होतं ते रिकामं अंथरूण, आणि उशीर... केवढा उशीर!

पायऱ्यांपाशी तो वाट पाहत उभा होता. डोळे लाल झालेले.

"मला क्षमा कर, ताई."

"आज मागू नकोस. आज दिली तर ती खोटी असेल." मग पदराने डोळे टिपून ती म्हणाली, "बाबांचं कपाट अजून त्या बाईकडेच पडलंय. मला एकटीला नाही उचलवत. चल, हात लाव."