गव्हाची ओटी

"होडी हलतीय! सोनिया, ओटी घट्ट धर गं!" केसरबाई आजी ओरडली.

संस्कृतीचा तिळपापड झाला. लासूर स्टेशनच्या घरी संध्याकाळभर बसून ओटीचे गहू तिनं निवडले, आणि आता ओटी मिरवणार कोण? तर संभाजीनगरहून आलेली ही चुलत बहीण! कारण काय, तर म्हणे "सोनिया लई शहाणी!" त्या ओटीतच घरच्या देव्हाऱ्यातला टाक होता, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटीशी देवी. बारा वर्षांनी तो मूळ देवीच्या भेटीला कोकणात आला होता.

खाडी उन्हात चकाकत होती. एका बाजूला माड, दुसरीकडे वाळूचा लांब पट्टा आणि मधोमध बेटावर लाल कौलांचं देऊळ! धाकटा भाऊ माऊली मासे बघता बघता पाण्यातच पडणार होता. संस्कृतीला मात्र सोनियाच्या मांडीवरची हिरव्या खणाची पुरचुंडीच दिसत होती.

देवळात सोनियाच्या पप्पांनी, सुदर्शनकाकांनी मोबाइल काढला. "सोनिया, ती ओटी दे इकडं. मोकळ्या हातांनी फोटो चांगला येतो!"

गाभाऱ्यापाशी आजीनं हात पुढे केला. "आण गं टाक."

"पप्पांकडं आहे."

"माझ्याकडं? मी तर तुला परत दिला!" काका म्हणाले.

"धांदरट कुठली!" आजी सोनियावर कडाडली आणि मटकन पायरीवर बसली. "माझ्या सासूनं दिलेला टाक होता गं..."

काकांनी ओटी परत दिलीच नव्हती. संस्कृतीनं सगळं पाहिलं होतं! पण ती गप्प बसली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. मग सोनियाचे ओठ थरथरले आणि ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं.

"काका, फोटो काढताना तुम्ही ओटी या खांबापाशी ठेवली होती!"

खांबापाशी टोपली होती. तिच्यात हिरव्या खणांच्या शंभरेक पुरचुंड्या, सगळ्या एकसारख्या!

"सोडा सगळ्या!" काका म्हणाले.

"हात लावू नका!" देवळात झाडलोट करणाऱ्या वच्छलाबाई आडव्या आल्या. "खांबापाशी ठेवलेल्या ओट्या मीच टोपलीत गोळा केल्या. देवीला वाहिलेली ओटी आम्ही सोडत नाही. तुमची ओळखा आणि न्या."

"ओहोटी लागली!" नावाडी धक्क्यावरून ओरडला. "लवकर या, नाहीतर होडी गाळात बसेल!"

संस्कृतीच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "मावशी, तुमच्याकडं ओटीत काय घालतात?"

"तांदूळ. दुसरं काय घालणार?"

"आमच्यात गहू! माऊली, सोनिया, चिमटीत दाबून बघा. तांदूळ बारीक लागतो, गहू जाडा!"

तांदूळ... तांदूळ... परत तांदूळ! हात दुखायला लागले. तेवढ्यात संस्कृतीच्या बोटांना ओळखीचे टपोरे दाणे लागले.

"सापडला!"

टाकाची देवीशी भेट झाली आणि सगळे धावत होडीत चढले.

"वाघीण गं माझी!" आजीनं कानशिलांवर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. काकांनीही कान पकडले. "पोरी, तुझ्यामुळं वाचलो!"

"आता टाक तूच सांभाळ," आजी म्हणाली.

हेच तर हवं होतं! पण संस्कृतीचा हात पुढे होईना.

"आजी, काकांनी ओटी परत दिली नव्हती हे मला माहीत होतं. सोनियाला बोलणी बसावीत म्हणून मी गप्प राहिले."

"जळत होतीस व्हय?"

"लई!"

"मी पण!" सोनिया एकदम म्हणाली. "तू आजीला चिकटून गहू निवडत होतीस. मला मात्र आजी म्हणाली, 'तुझ्याच्यानं नाय व्हायचं!'"

आजी दोघींकडं बघतच राहिली. मग तिनं टाकाची पुरचुंडी दोघींच्या मांड्यांवर मधोमध ठेवली.

"चुकलं माझंच," ती म्हणाली. "घरी गेल्यावर दोघी बसा माझ्याजवळ. पोळ्यांचे गहू निवडायचेत!"