संवेदनशीलतेचे मार्क

“आम्ही खूप प्रयत्न केले… पण तुमचे वडील गेले.”

श्रद्धा जयदीपशी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमात पडायला ही काही सुरुवात नव्हे. पण अ‍ॅडमिशनचे नियम बदलले होते, त्याला ती तरी काय करणार?

डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करायचा तो कोर्स गेल्या वर्षीपर्यंत नुसत्या परीक्षेच्या मार्कांवर मिळायचा. यंदा त्या मार्कांचं वजन निम्म्यावर आलं. बाकी लॅबचा अनुभव, आणि – संवेदनशीलता. दापोडीच्या श्रद्धाने लॅबमध्ये उंदीर भरपूर सांभाळले होते; माणसांचा सराव कमी. परीक्षा हॉस्पिटलच्याच एका खोलीत होती. खुर्चीतल्या नटाला वाईट बातमी सांगायची, वरून कॅमेरा बघणार.

नट चहाला गेला होता. खुर्चीत होता चाकणजवळच्या निघोज्याचा जयदीप, कंपनीतून शिफ्ट करून आलेला, एसी दिसला म्हणून टेकलेला. त्याचे वडील दादूअण्णा वर आयसीयूत होते.

तो असा रडला की कॅमेऱ्यामागे कमिटीनेही डोळे पुसले. मग त्याने भावकीला फोन लावला आणि वर आयसीयूकडे निघाला.

एवढ्यात नट आला. “सुरू करायचं का?”

श्रद्धा जयदीपच्या मागे जिन्याकडे धावली. “अहो… तुमचे वडील आहेत. म्हणजे, जिवंत आहेत.”

“नक्की? का हा पण पेपरच हाय?”

तोवर निघोज्यात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. दादूअण्णांनी तो जयदीपच्या मोबाइलवर बघितला. “फोटो लग्नातला टाकलाय,” ते पुटपुटले. “पोरीला चहा पाज, जया. घाबरलीया ती.”

मग ती रोज यायला लागली.

“आज कोण गेलं, मॅडम?”

“कुणी नाही. डबा आणलाय.”

“मग बसा की… इथं कॅमेरा न्हाई.”

ती बसली. जरा जवळच.

त्याच आठवड्यात दादूअण्णा खरंच गेले. ही बातमी आयसीयूतल्या डॉक्टरने मोबाइलमध्ये बघत दिली.

इकडे कमिटीने ठरवलं – रडणारा माणूस नाटक करत होता हे सिद्ध झालं तर श्रद्धाचे मार्क ठेवायचे, नाहीतर तिला बाद करायचं. जयदीप स्वतःहून आला. आदल्या दिवशीच दहावा झालेला, डोक्याचं मुंडण.

“वेशभूषा छान,” कमिटीतल्या एक बाई म्हणाल्या. “तुम्ही नट का?”

“व्हय,” जयदीप म्हणाला. श्रद्धाकडे त्याने बघितलंच नाही.

“मग तसंच रडून दाखवा.”

त्याने मान खाली घातली. डोळे चोळले. काही येईना. दहा दिवसांत सगळं रडून झालं होतं.

“वडिलांना आठवून बघा,” अध्यक्षांनी मदत केली.

श्रद्धा उठली. “बास, सर. हे नट नाहीत. काल यांच्या वडिलांचा दहावा झाला. मला बाद करा.”

त्यांनी केलं. अगदी संवेदनशीलपणे.

बाहेर आल्यावर जयदीप म्हणाला, “कशाला बोललात? आलं असतं रडू… जरा वेळ लागला असता.”

“ते मला बघवलं नसतं.”

“पुढच्या वर्षी?”

“परत नवे नियम. आणि मिळालं तरी कोर्स आठ वर्षांचा… कोण थांबतंय?”

त्याने टोपी नीट केली. “चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये मी रोज तासभर थांबतो, मॅडम. पुढं कोण वाट बघत नसताना.”

“मॅडम नका म्हणू,” श्रद्धा म्हणाली… आणि त्याचा हात धरला.