लाल फडक्याची पिन

"पाच वर्षांत या पोट्ट्याची एक पिन चुकली नाही… अन् आताच काहून चुकली?"

आमचे हेड मेकॅनिक महादेवराव विमानाच्या पंखाखाली उभे राहून कुरकुरत होते. पंखाच्या पलीकडे, हातभर अंतरावर मी. ते मलाच ऐकवत होते, हे मला कळत होतं.

विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची झडप बिजागरीतून वाकली होती. कालच्या धुळीच्या वादळात ती रात्रभर आपटत राहिली. उभ्या विमानाच्या झडपा वाऱ्यानं हलू नयेत म्हणून आतल्या स्टिअरिंगच्या दांड्यात एक पिन घालायची असते, लाल फडक्याची. आमच्या नागपूरच्या फ्लाइंग क्लबात तिला सगळे 'कुलूप' म्हणतात.

सगळे, म्हणजे मी सोडून. मी आपली बेसाहून स्कूटीवर येणारी, दोन महिन्यांची शिकाऊ. मी तिला पिनच म्हणायचे; 'कुलूप' म्हणजे तीच, हे मला आज सकाळी कळलं.

काल संध्याकाळी मी विमानातून उतरले, तर गौरांग पंखाला दोर बांधत होता. आमचा मेकॅनिक, पारशिवनीचा. वाऱ्यानं त्याचे केस डोळ्यांवर येत होते, आणि मी… बघत होते.

"हिमानी मॅडम, कुलूप लावलं ना?"

"लावलं की!" मी दाराची चावी त्याच्यासमोर नाचवली. "तुमचं विमान कोणी चोरत नाही."

"विमानाचं टेन्शन नाही जी. दुसरंच कायतरी चोरीले गेलं वाटते."

मी लाजले. तो हसला. एरवी तो आत डोकावून बघायचाच. काल माझ्या शब्दावर गेला.

आज सकाळी रितिका मॅडमनी, आमच्या चीफ इन्स्ट्रक्टरनी, विचारलं, "कोण विसरलं?"

"मी," गौरांग म्हणाला. शांतपणे.

आणि मी? मी बुटाची लेस बांधत बसले. बांधलेलीच होती.

दुपारी त्याला शेडमध्ये गाठलं. "खोटं का बोललात?"

"सोमवारी तुमचं पहिलं सोलो हाय. एकटीनं उडायचं." तो पाना पुसत राहिला. "माझं काय, गावात ट्रॅक्टर दुरुस्त करीन."

"ट्रॅक्टर उडत नाहीत."

"खड्ड्यात उडते नं."

मला हसू आलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. मला वाचवणारा माणूस माझ्याकडे बघत नाही, याच्याइतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

चार वाजता मॅडमच्या केबिनमध्ये त्याला कामावरून काढल्याचं पत्र टेबलावर होतं. महादेवराव छताकडे बघत होते, गौरांग जमिनीकडे. मॅडमनी पेन उघडलं.

"पिन मी लावली नव्हती," मी म्हणाले. आवाज चिरकला. "त्यांनी विचारलं होतं. मला दाराचं कुलूप वाटलं. सकाळी कळलं, तरी मी गप्प बसले."

"राहू द्या नं, हिमानी मॅडम—" गौरांग पुटपुटला.

"तुझं सोलो रद्द, हिमानी," रितिका मॅडम म्हणाल्या. "पुन्हा कधी, ते मी ठरवीन."

"हो, मॅडम."

त्या गौरांगकडे वळल्या. "आणि तू? स्वतःवर का घेतलंस?"

गौरांगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. महादेवरावांना अचानक खोकला आला. मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं.

"कारण त्याला मी आवडते, मॅडम," मी म्हणाले. "आणि मला तो."