पार्किंगपुरता ईमेल

स्वराज गिरणीतून दळण घेऊन आला, तेव्हा एक अनोळखी मुलगी त्याच्या स्कूटरवर बसून मोबाइल ओवाळत होती. वर, खाली, पुन्हा वर... समोर देव नव्हता. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा फ्यूजबोर्ड होता.

"कोणाकडे आलात?" त्याने विचारलं.

"ईमेलकडे."

इंदिरानगरमध्ये हे उत्तर याआधी कोणी दिलं नसावं.

"दुसऱ्या मजल्यावर कोणी स्वराज राहतो," ती म्हणाली. "त्याने घरात स्वतःचा ईमेल ठेवलाय. लोक कुत्रा ठेवतात तसा. माझ्या मावसभावाचा, ज्ञानेशचा, मित्र आहे तो. मावशीच्या पैठण्यांच्या ऑर्डरी मी बघते, त्यासाठी ज्ञानेशने मला त्याच्याकडे खातं काढून दिलं. सगळं छान आहे. फक्त फोनवर उघडत नाही. मग ज्ञानेश म्हणाला, हा घे त्याच्या वायफायचा पासवर्ड, घराजवळ जाऊन बघ."

"आणि उघडला?"

"या स्कूटरवर बसलं की उघडतो. उतरलं की जातो."

"माणूस कसा आहे हा स्वराज?"

"भेटले नाही अजून. पण जगात इतके फुकटचे ईमेल असताना ज्याला घरी काढावासा वाटतो, तो स्वतःच्या लग्नात मंडपही स्वतःच बांधेल."

स्वराजने डबा खाली ठेवला. भुवयांवरचं पीठ झटकलं.

"मंडपाचं अजून ठरलं नाही," तो म्हणाला. "चहा घेणार?"

तिने डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आपण बसलो होतो त्या स्कूटरकडे... थंडी चांगलीच होती, तरी तिचे कान तापले.

तिचं नाव दीपमाला. राहायला गंगापूर रोडला. मावशी कुसाबाई येवल्याला, चार हातमागांसह.

वर तिने ईमेल सांभाळणारा सर्व्हर टाचा उंचावून पाहिला. स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीशेजारी, अंगावर विणलेला रुमाल घेऊन बसला होता. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू अजून त्याच्या कपाळावर होतं.

"हळू बोला," स्वराजची आई साधनाताई चहा देत म्हणाल्या. "हा कधीच झोपत नाही, पण तरी."

अडचण साधी होती. पत्रं बाहेरून घरात येत होती. वाचायची मात्र घरच्या वायफायवरूनच. बाहेर कुठूनही फोनवर उघडायला राउटरमध्ये एक दार काढायचं आणि त्याला नीट कुलूप घालायचं. अर्ध्या तासाचं काम.

"किती वेळ लागेल?" दीपमालाने विचारलं आणि चहावर हलकेच फुंकर घातली. तिच्या चष्म्यावर वाफ आली. तिने तो पुसला नाही, तशीच धुक्यातून त्याच्याकडे बघत राहिली.

"अवघड आहे," स्वराज म्हणाला. "रविवारपर्यंत बघतो."

कोणत्या रविवारपर्यंत, ते त्याने सांगितलं नाही.

मग ती रोज संध्याकाळी यायला लागली. स्कूटरवर बसायची, पत्रं उतरवायची, उत्तरं पाठवायची. स्वराजलाही नेमकं तेव्हाच खाली काम निघायचं.

"संध्याकाळी कचरा?" एकदा तिने विचारलं. "घंटागाडी सकाळी येते ना?"

"उद्याची तयारी."

"बादली रिकामी आहे."

"म्हणूनच तर. आतापासून सुरुवात केली पाहिजे."

ती हसली की आधी खांदे हसायचे, आवाज मागून यायचा. स्वराज त्या खांद्यांची वाट बघायला शिकला.

"खरं सांगा... तुम्ही माझे मेल वाचता?"

"नाही. फ्रिज आमचा, पत्रं तुमची."

"मोहसुद्धा नाही झाला कधी?"

"एकदा झाला. तुम्ही दोन दिवस आला नव्हता तेव्हा."

"मग?"

"आईला गवार मोडून दिली. सगळी."

जाताना ती गेटपाशी थांबून उगाचच मागे वळली.

आणि मग एक दिवस ती आली, फोन पाहिला, कोणाशी तरी बोलली आणि स्कूटरवरून उतरली.

"नगरची एक नवरी होती," ती म्हणाली. "मावशीने तिच्यासाठीच महिनाभर मागावर काढलेली जांभळी पैठणी. सकाळी तिने लिहिलं, साडी वेळेत मिळेल का, दुपारपर्यंत हो-नाही कळवा. मी आत्ता वाचतेय. तिने दुसरीकडून घेतली."

"मावशी रागावल्या?"

"फोन केला आत्ता. ओरडली नाही. फक्त म्हणाली, सगळ्यांचा असतो तसला साधा ईमेल घे बाई..."

स्वराजने हात पुढे केला. "फोन द्या."

तो वर गेला. अर्ध्या तासाने खाली आला. तिला वायफाय बंद करायला सांगितलं, गेटबाहेर पाठवलं. ती रस्ता ओलांडून इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत गेली. तिथे उभी राहिली. स्क्रीनच्या उजेडात तिचा चेहरा दिसत होता. पत्रं उघडत होती. तो चेहरा आनंदी होईल, असं त्याला वाटलं होतं.

ती परत आली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग अवघड काय होतं?"

"तुमचं येणं थांबलं असतं," स्वराज म्हणाला. "ते..."

पंप सुरू झाला, बंद झाला.

"माझी ऑर्डर गेली, स्वराज."

"हो."

"हे गोड वगैरे नाहीये."

"नाहीच."

तिने स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि ती गेली.

पुढचे कितीतरी दिवस स्वराजला सर्व्हरच्या नोंदींत फक्त तिचा फोन भेटत होता. दर थोड्या वेळाने तो सर्व्हरच्या दारात यायचा, काही आलंय का विचारायचा, निघून जायचा. कधी गंगापूर रोडवरून, कधी येवल्याहून असावा. एखादा मेल पाठवावा, असं स्वराजच्या मनात यायचं. पण तिच्या कामाच्या खात्यात आपलं दुःख टाकणं त्याला बरं वाटेना.

"ती पोरगी का येत नाही रे?" साधनाताईंनी विचारलं.

"ईमेल दुरुस्त झाला."

"मग बिघडव की."

स्वराजचा हात राउटरपर्यंत गेला. तिथून त्याने तो परत आणला, धुतला आणि जेवायला बसला.

संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी तो कामावरून आला, तर ती पार्किंगमध्ये उभी होती. त्याच्या तोंडातून तंत्रज्ञच बाहेर पडला.

"काय झालं? पासवर्ड घेत नाही?"

"घेतो."

"मेल उशिरा येतात?"

"वेळेवर येतात. जांभळी पैठणी चांदवडला गेली. बसमध्ये बसल्या बसल्या उत्तर दिलं."

"मग दाखवा, फोन बघतो..."

"आणला नाही."

तिने स्वेटरच्या खिशांतून दोन्ही हात बाहेर काढून दाखवले. खरंच रिकामे होते. स्वराज त्या हातांकडे बघत राहिला. आता त्याला दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"राग आहे अजून," ती म्हणाली.

"असू दे."

"असणारच आहे. पण एकटीने करायचा कंटाळा आला."

तिचे खांदे किंचित हलले. आवाज मागून येईपर्यंत स्वराजने श्वास धरून ठेवला... आला.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुझं वायफाय पोचत नाही तिथे."

ते स्कूटरपाशीच संपत होतं. दोघं त्याच्या बरेच पुढे गेले.