चेलोच्या शेजारी

"डॉक्टर, तुमचं ड्रिल अकरा मिनिटं बंद ठेवता येईल का?"

दवाखान्याच्या दारातल्या उंच माणसाकडे तिनं मास्कवरून पाहिलं. दातांच्या डॉक्टरकडे लोक नाना मागण्या घेऊन येतात. ही मात्र नवीनच होती.

"शेजारच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग चाललंय," तो ओशाळून म्हणाला. "मी चेलो वाजवतो. हल्लीच्या संगीतकारांच्या रचनांचा अल्बम आहे... आणि प्रत्येक टेकमध्ये तुमचं ड्रिल येतंय."

"अच्छा, ते वाजवणं होतं? दोन दिवस मला वाटतंय, कुणीतरी तारा जुळवतंय."

तो इतका मोकळा हसला, की तिला त्याची मागची दाढ दिसली.

"किडलीये," ती म्हणाली. "बसा."

मग ठरलं असं – त्याचा टेक सुरू झाला की तिनं नुसतं तपासायचं. तो थांबला की ड्रिल. निरोप द्यायला तो दर वेळी स्वतः यायचा. फोनवरही भागलं असतं, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. चार दिवसांत त्याची दाढ भरून झाली आणि ते खरखरीत, हट्टी सूर तिच्या ओळखीचे झाले. एका जागी तर... तिचा हात आपोआप थांबायचा.

"आवडायला लागलं वाटतं?" त्यानं विचारलं.

"सवय झालीये. फरक आहे त्यात."

"मला सवयही चालेल," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

शेवटच्या दिवशी एक आजोबा गाल धरून आले, दुखून पार बेजार. ती धावतच हॉलमध्ये गेली. "मला ड्रिल लावावंच लागेल. तासभर तरी."

हॉल सहापर्यंतच मिळाला होता आणि एक रचना बाकी होती. रेकॉर्डिस्टनं कपाळाला हात लावला. चेलोवाल्यानं मात्र गज खाली ठेवला. "आधी त्यांना मोकळं करा. मी थांबतो."

आजोबा घरी गेले, तेव्हा हातात जेमतेम एक टेक उरला होता.

"तुम्ही इथेच बसा," तो तिला म्हणाला. "समोर कुणीतरी असलं की बरं वाटतं. म्हणजे, कुणीतरी नाही... तुम्ही."

ती ॲप्रनसकट बसली. त्यानं डोळे मिटून वाजवलं, न अडखळता, शेवटपर्यंत. गज थांबला. सूर पुरता विरेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नव्हता. त्या शांततेत त्यानं मान वर केली आणि नुसते ओठ हलवले – मला तुम्ही आवडता.

बधिर तोंडांचं बोलणं ओळखण्यात तिची आठ वर्षं गेली होती. तिला अक्षर न् अक्षर कळलं.

माइक अजून चालूच होते. तिनं तोंडावर हात दाबला आणि होकारार्थी मान हलवली. एकदा, दोनदा... रेकॉर्डिस्टनं हात वर करेपर्यंत ती हलवतच राहिली.