आतून घातलेली हाक

हे खरं आहे. यात भर घातलेली नाही. काही गोष्टी मात्र मुद्दाम गाळल्या आहेत.

धुळ्याच्या जुन्या भागात, नंबरांच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत ती जागा आजही उभी आहे. गल्लीचा नंबर सांगणार नाही, कारण तिथं आता रोज माणसं जेवायला बसतात.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारची.

दिपमाला पुण्याहून माहेरी आली होती ती दोन कामांसाठी. वडील गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी, त्यांच्या नावाची घागर भरायची होती. आणि त्यांची खाणावळ भाड्याने द्यायची होती.

तिच्या वडिलांना, जीवरामनानांना, हिवाळ्यात ऐन दुपारच्या गर्दीत छातीत कळ आली. हातात शेवभाजीची बादली होती. पोळ्या लाटणाऱ्या बायका धावल्या, जेवणारे ताटावरून उठले, नानांना रिक्षात घातलं आणि कुणीतरी घाईघाईत शटर ओढून घेतलं.

ते शटर उन्हाळ्यापर्यंत पुन्हा उघडलंच नाही.

दवाखान्यात नाना तिच्याशी एकच वाक्य नीट बोलले.

"जागा कोनलेबी दे बेटा, पन चूल विझू देजो नको."

हे पाळणं सोपं नव्हतं. जुन्या बाजारपेठेतली जागा, सागवानी खांब, दगडी ओटा. विचारणारे खूप होते, पण कुणाला मोबाइलची कव्हरं विकायची होती, कुणाला साड्यांचा सेल लावायचा होता. चूल पेटवणारा एकच निघाला, धरणगावचा योगराज. त्याला भरीत-भाकरीचं हॉटेल टाकायचं होतं. तो नाही म्हणाला असता तर मोबाइलवाला टपूनच होता. दिपमालाची रजा संपत आली होती, आणि आईनं एकटीनं उन्हातान्हात भाडेकरू शोधत फिरावं हे तिला नको होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी योगराज जागा बघायला आला. पस्तिशीचा, बोलका माणूस.

"ताई, पुण्यात राहून तुम्ही भरिताला भरता म्हणायला लागल्या असाल."

"म्हटलं असतं तर नानांनी उंबरा ओलांडू दिला नसता."

तो मोकळेपणानं हसला आणि ओट्यावर चपला काढून आत शिरला. टेबलं-बाकं आली तरी चपला बाहेरच काढायच्या, हा नानांचा जुना नियम. तशी पाटी अजून दाराशेजारी लटकत होती.

दोघं मागच्या भटारखान्यात गेले. योगराज वाकून चूल बघत होता. धुराडं साफ करावं लागेल म्हणाला. मोरी मोठी हवी म्हणाला.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत...

बाक सरकलं.

लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा आवाज. जेवणारा बसताना बाक पुढं ओढतो, तसा.

"कोणी आलं वाटतं," योगराज म्हणाला.

मग दुसरं बाक सरकलं. मग तिसरं.

दोघं बाहेर आले. खोलीत कोणी नव्हतं. टेबलांवर हिवाळ्यापासूनची धूळ होती.

फक्त एका टेबलावर, त्या धुळीत... पाण्याच्या ग्लासाच्या बुडाचं गोल होतं.

योगराजनं बोट लावलं. ओलं होतं.

"छत गळतं का हो, ताई?"

"या उन्हाळ्यात?"

नळाची जोडणी केव्हाच तोडलेली होती. हे तिनं त्याला सांगितलं नाही.

"घरी विचारून कळवतो," एवढंच तो म्हणाला. चपला त्यानं पायात घातल्या नाहीत. हातात घेऊन, तापलेल्या डांबरावरून, तो गल्लीच्या टोकापर्यंत तसाच गेला.

दिपमालाला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला.

तिला वाटलं, नाना आहेत.

लहानपणी शाळा सुटली की ती खाणावळीच्या माळ्यावर बसून अभ्यास करायची. दुपारचं आटोपलं की खालून नानांचा आवाज यायचा.

"बठ्ठा जेवनात का?"

म्हणजे, सगळे जेवले का?

मग बराच वेळ शांतता. मग शटर पडायचं.

ही हाक ती पुढं कितीदा तरी लोकांना सांगत आली. कॉलेजात, ऑफिसात, नानांच्या तेराव्यालासुद्धा. गल्लीत कुणी उपाशी नाही ना, हे विचारल्याशिवाय माझ्या वडिलांनी कधी दुकान बंद केलं नाही, म्हणायची.

त्या हिवाळ्यातल्या दुपारी मात्र ही हाक राहून गेली होती. म्हणूनच नाना अडकून पडलेत, असं तिच्या मनानं घेतलं. आपण हाक घालू. नाना सुटतील. जागा शांत होईल, योगराज परत येईल, चूल पेटेल.

आखाजीला सकाळी घागर भरली. पितरांना पुरणपोळी-आमरसाचं पान वाढलं. आई, प्रमिलाबाई, जरा आडवी झाली तशी दिपमाला चावी घेऊन निघाली.

गल्ली ओस पडली होती. समोरच्या निंबाआबांच्या शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. कुत्रीसुद्धा सावलीला गेली होती.

तिनं शटर पूर्ण वर केलं. आत जाऊन चुलीला हात जोडले. मग परत दारात येऊन, खोलीकडे पाठ आणि गल्लीकडे तोंड करून, उंबऱ्यावर उभी राहिली.

"बठ्ठा जेवनात का?"

पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा चांगला खणखणीत लागला. समोरच्या भिंतीवर आदळून परत आला.

ती थांबली, नाना थांबायचे तशी.

आणि मग ओट्यावर...

चपला काढल्याचा आवाज आला.

एक जोड. टाचेनं टाच दाबून काढतात, तसा.

ओट्यावर काहीच नव्हतं. ऊन होतं.

मग दुसरा जोड. मग तिसरा. मग किती, ते तिला कळेना. तिच्या कोपराला वारा लागला, अरुंद दारातून कुणी अंग चोरून आत जावं तसा. आणि पुन्हा. आणि पुन्हा. दमलेल्या माणसाच्या घामाचा वास आला. मागं एकेक बाक सरकत गेलं.

मग सगळं शांत झालं.

तिनं मागं वळून पाहिलं. खोली रिकामीच होती.

"नाना, आता निवांत राहा," ती रडत म्हणाली. आणि शटर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन करून योगराजला पुन्हा बोलावलं. तो कुरकुरत आला. खोलीतून दोनदा फिरला. बाक हललं नाही, टेबलं कोरडी.

"नवल आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी जागा रिकामी रिकामी वाटत होती. आज कशी... भरल्यासारखी वाटते."

त्यानं तिथंच होकार दिला. तिनं चावी त्याच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं. आईला बरं वाटेल अशी तिची समजूत होती.

प्रमिलाबाई गवार निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तू कुठं उभी होतीस?"

"दारात. उंबऱ्यावर."

"तोंड कुठं होतं?"

"गल्लीकडे. नाना करायचे तसंच की."

"तू नानांना कधी पाहिलं होतं हाक मारताना?"

दिपमाला आठवू लागली. पाहिलं नव्हतं. माळ्यावरून फक्त ऐकलं होतं.

"बाहीर नही वं, पोरी," आई हळूच म्हणाली. घाबरली की ती अशीच गावच्या बोलीवर यायची. "हाक मझार, आत घालायची. ते स्वतः बाहेर ओट्यावर उभे राहायचे. कडेला. आणि तोंड आत करून विचारायचे. मग वाट सोडून थांबायचे, बठ्ठे निघून जाईपर्यंत."

"बठ्ठे म्हणजे कोण?"

"मी नाही विचारलं. तुझ्या आजोबांनी त्यांना शिकवलं, त्यांनी केलं. रोज आत असलेल्यांना बाहेर काढून मग कुलूप." आईनं निवडलेली गवार पुन्हा निवडायला घेतली. "आतून बाहेर आजवर कोणी हाक घातली नव्हती. आणि तू आखाजीला घातलीस. घरोघरी पितरांना पान वाढायच्या दिवशी. ज्यांना पान वाढणारं कोणी उरलं नाही, त्यांनी काय करावं?"

मग आई म्हणाली, "चावी परत माग."

दिपमालानं मागितली नाही. चावी परत घेतली असती तर चूल गेली असती. तिनं योगराजला फोन करून एवढंच सांगितलं, की आमच्याकडची एक रीत आहे. दुपारी बंद करताना ओट्यावर उभं राहायचं, तोंड आत करायचं, विचारायचं आणि वाट सोडायची.

"हात्तिच्या! एवढंच ना?" योगराज म्हणाला. "विचारतो की."

हॉटेल सुरू झालं. पावसाळा लागला. मग एका दुपारी त्याचा फोन आला. दिपमाला ऑफिसात होती.

"ताई, सगळं बरं आहे. पीठ पुरत नाही एवढंच. गिऱ्हाईक बेताचं दिसतं, पण भाकऱ्यांचं टोपलं रिकामं होतं."

"तुम्ही विचारता ना रोज?"

"विचारतो. बाकं सरकतात, चपला वाजतात. आता सवय झाली. पण ताई... मी विचारण्याच्या आधी कोणीतरी हाक मारतं. रोज. मी काढतो त्याहून जास्त आत येतात."

एवढे महिने दिपमाला नानांच्या हाकेचीच वाट बघत होती.

"नानांचा आवाज आहे?"

पलीकडे तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं.

"नाही ताई. बाईचा आहे. दारातून, गल्लीकडे तोंड करून..."

तो थांबला.

"तुमचाच आहे. बघा, आत्ताही..."

आणि फोनमधून, चुलीच्या आवाजाच्या पलीकडून, तिनं तो ऐकला. खणखणीत. भिंतीवर आदळून परत येणारा.

"योगराजभाऊ, शटर ओढा," असं तिला म्हणायचं होतं.

तोंड उघडलं. ओठ हलले.

आवाज आला नाही.

पुण्यातल्या डॉक्टरांनी घसा दोनदा तपासला. काही नाही म्हणाले. पण रोज दुपारी, जेवणं उरकायच्या सुमाराला, थोडा वेळ तिचा आवाज जातो. त्या वेळेला ती मीटिंग ठेवत नाही, फोन उचलत नाही. आईशी सकाळीच बोलून घेते.

धुळ्यातली ती चूल अजून विझलेली नाही.

आवाज परत येतो तेव्हा तिचा घसा कोरडा पडलेला असतो. बराच वेळ उन्हात उभं राहून कुणाकुणाला हाका मारल्यासारखा.