दार आतून कोणी धरलं होतं?

ही गोष्ट खरी आहे. माझा भाऊ त्रिग्वे ती वेगळी सांगतो. पण त्या दिवशी गाडीत काहीतरी घडलं, हे तोही नाकारत नाही.

मला आठवतं तसं मी सांगते.

जानेवारी महिना. ट्रोम्सोहून हामरफेस्टला जाणारा रस्ता. आल्टा गाव मागे पडलं, की पुढे सेन्नालांदेचं पठार लागतं. झाड नाही, घर नाही. दुपारचीच वेळ होती, पण आमच्याकडे, पार उत्तरेला ध्रुवाच्या बाजूला, जानेवारीतली दुपार म्हणजे अंधारच.

बाबा हामरफेस्टच्या दवाखान्यात होते. रात्र काढतील की नाही सांगता येत नाही, असा पहाटे फोन आला. वादळामुळे विमानं बंद. माझी जुनी डिझेल गाडी थंडीनं गारठून पडलेली, काही केल्या सुरू होईना.

उरला त्रिग्वे. आणि त्याची इलेक्ट्रिक गाडी.

आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. मला न विचारता त्यानं बाबांना वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हापासून. दारात आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बसायचं तर बस."

बसले.

त्यानं हीटर बंदच ठेवला होता. थंडीत बॅटरी आधीच लवकर उतरते, त्यात हीटर लावला तर पोचणार नाही म्हणे. सीट तेवढी गरम होत होती. मी जाड कोट, टोपी, हातमोजे घालून बसले. तो मात्र नुसत्या स्वेटरवर. जॅकेट आणि हातमोजे मागच्या सीटवर टाकलेले.

"तुझ्या गाडीत बसायचं म्हणजे फ्रीजमध्ये बसून विजेचं बिल वाचवायचं," मी म्हणाले.

"मग चालत ये, सोल्वी."

आमचं बोलणं ते एवढंच.

आल्ट्याला गाडी चार्जिंगला लावली. थंडीत चार्जिंगही रडतखडत होतं. त्यानं कॉफी घेतली, मी सॉसेज खाल्लं. वेगवेगळ्या टेबलांवर.

पठाराच्या तोंडाशी रस्त्याचं फाटक बंद होतं. वादळात तिथे एकेकट्या गाडीला सोडत नाहीत. पुढे बर्फ काढणारा ट्रक, मागे दुसरा ट्रक, आणि मधे सगळ्या गाड्या ओळीनं. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर इसाक प्रत्येक काचेपाशी येऊन सांगत होता, की पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडू नका आणि काही झालं तरी गाडीतून उतरू नका. चार्ज पुरेल ना, असं त्यानं आम्हाला विचारलं. त्रिग्वे म्हणाला, भरपूर आहे.

ओळ निघाली. आमची गाडी शेवटची, मागचा ट्रक बर्फात दिसतही नव्हता. समोर दोन लाल ठिपके. बाकी सगळं पांढरं, भिरभिरणारं.

थोड्या वेळानं गाडीत टिंग टिंग वाजायला लागलं.

मागे बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही... असं स्क्रीनवर आलं.

"तुझी बॅग उचल," त्रिग्वे म्हणाला.

बॅग माझ्या पायाशी होती. मागे फक्त त्याचं जॅकेट. जॅकेटला कसलं आलंय वजन...

आवाज आपोआप थांबला. आधी पट्ट्याचा खटका बसल्यासारखं बारीक काहीतरी वाजलं, आणि मग टिंग टिंग थांबलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. नजर बाजूला गेली तेवढीच.

त्रिग्वेच्या मागच्या काचेवर आतून बर्फ धरत होता. माझी काच स्वच्छ होती. त्याचीही. बंद गाडीत माणसाच्या श्वासानं काचेवर धरतो ना, तसा तो बर्फ होता.

तिथे श्वास घ्यायला कोणी नव्हतं.

मग ओळ थांबली. पुढे रस्त्यावर बर्फाचा ढिगारा आला असावा. गाडी उभी, इंजिनाची घरघर नाही, काही नाही. बाहेर फक्त वारा.

आणि आत...

कट. कट. कट. कट.

"दात वाजवणं थांबव," तो चिडून म्हणाला. "लावतो हीटर."

"मी नाही वाजवत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड घट्ट मिटलेलं होतं. त्याचंही.

आवाज चालूच होता. त्याच्या डोक्याच्या मागे.

त्यानं हीटर पूर्ण लावला. गरम हवा माझ्या गुडघ्यांना लागत होती, पण मानेवर गार झुळूक येत होती. चार्जचा आकडा डोळ्यांदेखत खाली येत होता. हीटर एवढा खात नाही. कुठलाच हीटर खात नाही.

त्रिग्वे भित्रा नाही. भीती वाटली की तो भांडतो. लहानपणापासून तसाच. मागे न वळताच तो म्हणाला, "कोण आहे ते माहीत नाही. माझ्या गाडीतून उतर. आत्ताच्या आत्ता."

दात वाजायचे थांबले.

ती शांतता मला आवाजापेक्षा वाईट वाटली. ऐकणाऱ्याला राग आलाय, असं वाटलं.

समोरचे लाल दिवे हलले. ओळ निघाली. त्रिग्वेनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पण गाडी जागची हलेना.

मागचं दार उघडं आहे... स्क्रीनवर आलं.

दार बंद होतं. आम्हाला दोघांनाही दिसत होतं.

लाल दिवे बर्फात विरून गेले. मी म्हणाले, थांब, मागचा ट्रक येईल, उतरू नको. पण तो माझं कधी ऐकतो? शिवी हासडून तो तसाच स्वेटरवर उतरला. जॅकेट घ्यायला त्यानं मागे हात घातला नाही. का, ते मी विचारलं नाही.

त्यानं मागचं दार ओढून पाहिलं. आपटलं. मग पुढे आला...

खट्.

चारही दारांना आतून कुलूप लागलं. त्याचा फोन, म्हणजे त्या गाडीची किल्लीच, आत होता.

तो काच बडवायला लागला. मी आडवी होऊन त्याच्या दाराकडे झेपावले. हँडल ओढलं. बटणं दाबली. हे मला स्पष्ट आठवतं. हँडल हाताला इतकं गार लागलं, की हातमोज्यातूनही चटका बसला. आणि काच माझ्यासमोर आतून पांढरी होत गेली. आधी त्याचे हात दिसेनासे झाले. मग चेहरा.

शेवटी नुसत्या थापा ऐकू येत होत्या. मग त्याही नाही.

मागचा ट्रक कधी आला, मला सांगता येणार नाही. इसाकनं बाहेरून हँडल ओढलं आणि दार सहज उघडलं.

"कुलूप नव्हतंच," तो म्हणाला.

गाडी तिथेच सोडून त्यानं आम्हाला ट्रकमधून खाली आणलं. बाबा त्या दिवशी गेले नाहीत. उन्हाळ्यापर्यंत राहिले. त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर बाबा होते, आणि खालच्या मजल्यावर त्रिग्वेच्या उजव्या हाताची दोन बोटं कापली. बर्फानं काळी पडली होती.

गाडी नंतर तपासली. काहीही बिघाड नाही, म्हणाले. तरी त्यानं ती विकून टाकली.

तो पुन्हा माझ्याशी बोलत नाही. या वेळी तो लोकांना कारण सांगतो. म्हणतो, काच पांढरी होण्याआधी त्याला आत बघता आलं होतं. त्याच्या सीटवर एक बाई बसली होती. तिनं दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं होतं. आणि ती त्याच्याकडे बघत होती.

ती सोल्वीच होती, असं तो शपथेवर सांगतो.

मी त्याच्या सीटवर बसलेच नव्हते. मी दार उघडत होते.

बाबांच्या अंत्यविधीला तो चर्चमध्ये माझ्यापासून दोन बाकं पुढे होता. मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती, ती ओठांवर येऊन राहिली. त्या वेळी तुला गाडीत बायका किती दिसल्या?

दोन म्हणाला, तर बरं.

पण एकच म्हणाला तर...

मी अजून विचारलेलं नाही.